सौरऊर्जेवर चालणाऱ्या यानाचा छोटा गेम: खेळणारा सूर्यापाशीच ठाण का मांडतो?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. विचारणारे एकटेच एक छोटा टूडी गेम बनवत आहेत. यान सौरऊर्जेवर चालतं, सूर्याजवळ गेलं की बॅटरी भरते, लांब गेलं की उतरते. आठ ग्रह आहेत आणि ग्रहांवर सामान पोचवायचं आहे. सगळं नीट चालतं, पण ज्यांना ज्यांना खेळायला दिलं ते सगळे एकच करतात: सूर्यापाशी जाऊन थांबतात, बॅटरी शंभर टक्के होईपर्यंत वाट बघतात, मग निघतात. वाटेत बॅटरी संपली तर यान तिथेच अडकतं आणि गेम पुन्हा सुरू करावा लागतो. भौतिकशास्त्र आणखी खरं करू का, गेम इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर, त्यांचं सध्या गोडो आहे) बदलू का, ग्रह वाढवले तर मजा येईल का, असे तीन प्रश्न आहेत. आणि जाता जाता त्यांनी लिहिलं आहे की यान सांभाळायला सोपं जावं म्हणून थोडं घर्षण ठेवलं आहे.

माझ्या मते सगळी गोम त्या घर्षणात आहे.

तुमचे खेळणारे आळशी नाहीत. ते अगदी बरोबर खेळत आहेत. तुमच्या गेममध्ये यान थांबू शकतं आणि थांबायला काही लागत नाही. सूर्याजवळ ऊर्जा जास्त आहे. मग तिथे जाऊन उभं राहणं हीच सर्वांत शहाणी चाल ठरते. वाट बघणं ही जिथे सर्वांत चांगली चाल असते, तिथे माणूस वाट बघतो आणि त्याला कंटाळा येतो. बारा वर्षांत मी बरेच छोटे गेम केले, त्यांत सूर्यावर चालणारं यान दोनदा. पहिल्या वेळी माझंही हेच झालं. मी ग्रह वाढवले, शत्रू घातले, वरून वेळेची मर्यादा लावली. वेळेच्या मर्यादेने तर लोक नुसते चिडले, कारण थांबणं तरीही भागच होतं. दुसऱ्या वेळी मी घर्षण काढून टाकलं, सूर्याला गुरुत्वाकर्षण दिलं, आणि थांबण्याची सोयच गेममधून गेली.

पुढचं सगळं लिहिण्याआधी, कशावर काय अवलंबून आहे ते सांगते. तुम्ही कीबोर्डसाठी बनवताय की फोनसाठी, हे मला माहीत नाही. फोनवर दोन अंगठ्यांनी यानाचं नाक अचूक वळवणं कठीण जातं, तिथे मी खाली सांगते त्यातला एक भाग सोपा करावा लागेल. एक डाव पाच मिनिटांचा असावा की तासाभराचा, यावर बॅटरीचे आकडे ठरतात. आणि ‘सौरऊर्जेवर’ म्हणजे पॅनेलवर, असं मी धरलं आहे. तुमच्या मनात सौर शीड असेल तर तो वेगळाच गेम आहे. शिडात विजेचा संबंध नसतो, प्रकाशच ढकलतो. पृथ्वीइतक्या अंतरावर आरशासारख्या पृष्ठभागाला तो एका चौरस मीटरमागे जेमतेम ९ मायक्रोन्यूटन जोराने ढकलतो. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये सुमारे १४ मीटर बाजूचं शीड उघडून दाखवलं. एवढ्या मोठ्या शिडाला मिळणारा जोर दोन मिलिन्यूटनच्याही आत असतो. शिडाच्या गेममध्ये बॅटरीचा काटा नसतो, तिथे सगळा खेळ शीड किती तिरकं धरायचं याचा. तुम्ही बॅटरीबद्दल विचारलंय, म्हणून पॅनेलचंच बोलते.

आता मुद्द्यावर येते. ऊर्जा हा स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा राहिला तर ती पेट्रोलसारखी वाटते आणि सूर्य म्हणजे पेट्रोल पंप. ‘सौर’ हा शब्द खरा व्हायचा असेल तर खेळणाऱ्याला तीन गोष्टी जाणवायला हव्यात: प्रकाश कुठे आहे, तो कुठल्या बाजूने येतोय, आणि आपण त्यातून सरकत आहोत. अंतर, दिशा आणि गती. तुमच्याकडे सध्या फक्त अंतर आहे.

अंतराचा नियम साधा आहे: अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. पृथ्वीपाशी एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊन पडतं, मंगळापाशी त्याच्या निम्म्याहून कमी, सुमारे ५९०, आणि गुरूपाशी जेमतेम ५०. नासाचं जुनो यान गुरूकडे गेलं तेव्हा त्याची पॅनेल पृथ्वीपाशी सुमारे १४ किलोवॅट देऊ शकत होती. गुरूपाशी पोचल्यावर त्यांतून सुमारे ५०० वॅट मिळाले. हा नियम बदलू नका. बरेच जण ‘गेममध्ये फार कठोर होईल’ म्हणून सरळ रेषेत कमी होणारा प्रकाश ठेवतात. मग सगळीकडे थोडं थोडं ऊन राहतं आणि कुठलीच जागा वेगळी वाटत नाही. अंतराच्या वर्गाच्या या नियमामुळे नकाशावर आपोआप प्रांत पडतात.

ते कसे पडतात हे दाखवायला मी माझे आकडे देते. मी वॅट आणि वॅट-तास यांच्या भानगडीत पडत नाही, सगळं सेकंदांत मोजते. बॅटरी १०० एककांची. यानाचा जिवंत राहण्याचा खर्च सेकंदाला १. इंजिन चालू असेल तर आणखी ८. मुख्य कक्षा सूर्यापासून ४०० पिक्सेलवर, आणि तिथे पॅनेल पूर्ण उन्हात असेल तर सेकंदाला ६ एककं येतात. म्हणजे इंजिन बंद ठेवून सरकत राहिलं तर सेकंदाला ५ जमा, २० सेकंदांत रिकामी बॅटरी भरते. इंजिन चालू केलं तर सेकंदाला ३ वजा. आता ८०० पिक्सेलवर जा: तिथे येतात फक्त दीड, खर्च जाऊन हातात राहतं अर्धं एकक. आणि ९८० पिक्सेलच्या आसपास आवक बरोबर १ होते. त्यापलीकडे पॅनेल कितीही नीट धरलं तरी यान हळूहळू उपाशी मरतं. ही सीमा तुम्हाला आखावी लागत नाही, ती गणितातून येते. गेमच्या कडेला भिंत घालण्याची गरज उरत नाही. मी त्या अंतरावर एक अंधूक वर्तुळ काढते, एवढंच. त्या वर्तुळाबाहेर पोचवायचं एखादं सामान ठेवलं की खेळणारा निघण्याआधी श्वास रोखून हिशेब करतो.

आतल्या बाजूला उलट अडचण आहे. २०० पिक्सेलवर सेकंदाला २४ येतात, इंजिन सतत चालू ठेवूनही १५ उरतात. म्हणून सूर्याजवळ काहीतरी किंमत असायला हवी, आणि ती खऱ्या जगात आहेच: उष्णता. सिलिकॉनचं पॅनेल तापलं की दर अंशामागे त्याची वीज साधारण ०.४ टक्क्याने कमी होते. बुधाभोवती फिरलेल्या मेसेंजर यानाच्या पॅनेलवर सौरघटांच्या मधे मधे आरसे बसवले होते आणि ऊन फार झालं की पॅनेल तिरकी करत. पार्कर यान तर सूर्याच्या अगदी जवळ जाताना आपली पॅनेल जवळजवळ पूर्ण आवरून ढालीच्या सावलीत घेतं. गेममध्ये एवढंच करा: एका अंतराच्या आत पॅनेल पूर्ण उन्हात धरलं तर तापमान चढतं, आणि चढलं की आवक घटते. उपाय खेळणाऱ्याच्या हातात आहे, त्याने पॅनेल तिरकं धरावं. वेगळं बटण लागत नाही, कारण दिशा आपण तशीही आणणार आहोत.

दिशेबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण या गेमचा जीव तिच्यात आहे आणि बहुतेक जण ती सोडून देतात.

पॅनेलवर ऊन तिरकं पडलं की वीज कमी मिळते, कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात. सरळ पडलं तर पूर्ण, ६० अंश तिरकं झालं तर निम्मं, ९० अंशाला शून्य. कोसाइनचा वक्र माथ्यापाशी सपाट असतो, हे गेमसाठी फार सोयीचं आहे. २५ अंश चूक झाली तरी फक्त नऊ-दहा टक्के नुकसान होतं. म्हणजे नवशिक्याला माफी आहे, आणि निष्काळजी माणसाला मात्र फटका बसतो. प्रोग्राममध्ये हा एका ओळीचा गुणाकार आहे: पॅनेलची दिशा आणि सूर्याची दिशा यांचा बिंदू-गुणाकार.

आता पॅनेल यानावर बसवायचं कसं? तीन पर्याय आहेत. पॅनेल आपोआप सूर्याकडे वळत राहील असं ठेवलं तर दिशेचा प्रश्नच संपतो. फोनसाठी हे चालेल, पण गेम पातळ होतो. पॅनेल वेगळ्या बटणांनी फिरवायचं ठेवलं तर एका हाताला यान आणि दुसऱ्या हाताला पॅनेल, अशी कसरत होते. मी ते करून पाहिलं, लोक गोंधळतात. तिसरा पर्याय म्हणजे पॅनेल यानाला पक्कं जोडायचं. मग नाक जिकडे वळेल तसं पॅनेल वळतं. मी हाच घेते, आणि पॅनेलचं तोंड नाकाला काटकोनात ठेवते, दोन्ही अंगांनी वीज देणारं.

काटकोनात का, ते कागदावर काढून बघा. यान सूर्याभोवती प्रदक्षिणा घालत असेल आणि नाक प्रवासाच्या दिशेने असेल, तर पॅनेलचं तोंड बरोबर सूर्याकडे येतं. पूर्ण ऊन. यान नाक थेट सूर्याकडे किंवा थेट सूर्यापासून लांब वळवून इंजिन चालवत असेल, तर पॅनेलची फक्त कड उन्हाला लागते. शून्य वीज. आणि खऱ्या अंतराळातही मोठ्या कक्षेत जायचं असेल तर सूर्याला पाठ करून जोर लावणं ही महागडी चाल आहे. प्रदक्षिणेच्या दिशेने जोर लावून कक्षा फुगवत नेणं स्वस्त पडतं. नासाचं डॉन यान २००७ मध्ये निघालं आणि सौरविजेवरच्या, वायूचे कण मागे फेकणाऱ्या आयन इंजिनाने असंच हळूहळू फुगत लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या व्हेस्टा आणि सेरेसपर्यंत पोचलं. म्हणजे या एका मांडणीमुळे खेळणारा शिकवणीशिवाय योग्य चाल शिकतो: जिथे वीज मिळते तीच दिशा प्रवासालाही चांगली.

आणि इथे घर्षणाचा मुद्दा परत येतो. घर्षण नसेल तर इंजिन बंद केल्यावर यान सरकतच राहतं, आणि सरकताना नाक कुठेही वळवता येतं. मग गेमला एक लय येते. जोर लावा, इंजिन बंद करा, अंग उन्हाकडे वळवा, बॅटरी भरू द्या, पुन्हा नाक वळवून जोर लावा. वाट बघणं उरतच नाही, कारण भरताना यान पुढे जात असतं आणि सूर्य बाजूने फिरत असतो, त्यामुळे नाक थोडं थोडं वळवत राहावं लागतं. घर्षण ठेवलं की इंजिन बंद करणं म्हणजे थांबणं, आणि मग सगळी लय मोडते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

गुरुत्वाकर्षण त्याच्या जोडीला हवंच. ते नसेल तर खेळणारा उलटा जोर लावून शेवटी उभा राहीलच. सूर्य ओढत असेल तर उभं राहणारं यान सूर्यात पडतं. मधोमध ओढणारा तारा ठेवण्याची युक्ती १९६२ च्या स्पेसवॉर या गेमइतकी जुनी आहे आणि आजही तितकीच चांगली चालते. आकडे ठरवताना गुरुत्वस्थिरांक चाचपडत बसू नका, उलटीकडून या. ४०० पिक्सेलवरची एक प्रदक्षिणा किती सेकंदांची हवी ते ठरवा. मी ४० सेकंद घेते. मग वेग झाला सुमारे ६३ पिक्सेल प्रति सेकंद. ओढ किती हवी, ते वेगाचा वर्ग भागिले अंतर करून मिळतं: सेकंदाच्या वर्गाला सुमारे १० पिक्सेल. इंजिनाचा जोर त्याच्या दीडपट-दुप्पट ठेवला की यान चपळही वाटतं आणि सूर्याची भीतीही राहते. केप्लरच्या नियमाने बाकीचं आपोआप जुळतं: २०० पिक्सेलवर प्रदक्षिणा १४ सेकंदांची, ८०० वर ११३ सेकंदांची. आत सगळं भरभर, बाहेर सगळं संथ. हा फरक हाताला जाणवतो.

तुमची भीती रास्त आहे: घर्षण काढलं की यान आवरणार नाही. यावर दोन गोष्टी करा. एक, वळण्यात जडत्व ठेवू नका. बटण सोडलं की वळणं थांबलं पाहिजे. वळायला ऊर्जाही घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल. दुसरी गोष्ट मोठी आहे: यानाचा पुढचा मार्ग स्क्रीनवर रेषेने दाखवा.

इंजिन बंद ठेवलं तर पुढच्या वीस सेकंदांत यान कुठे कुठे असेल, ती रेषा. त्यासाठी यानाच्या स्थितीची एक प्रत घ्यायची आणि तुमचंच गतीचं गणित तिच्यावर १२०० वेळा चालवायचं, प्रत्येक पाऊल सेकंदाच्या साठाव्या भागाचं. यंत्राला जड गेलं तर दर पाचव्या फ्रेमला काढा. आता त्या रेषेला ऊन रंगवा. नाक आत्ता जसं आहे तसंच राहिलं तर ज्या टप्प्यात बॅटरी भरेल तो सोनेरी, जिथे उतरेल तो निळसर, आणि जिथे संपेल तिथे एक ठिपका. खेळणारा नाक वळवतो तसा सोनेरी पट्टा रेषेवरून पुढे-मागे सरकतो. या गेमवर मी जेवढं काम केलं त्यात हा एक दिवस सर्वांत सार्थकी लागला. त्याआधी मी कोसाइन समजावणारे मजकूर लिहून पाहिले होते, ते कोणी वाचले नाहीत. रेषा आल्यावर कोणाला काही सांगावं लागलं नाही.

या रेषेमुळेच तांत्रिक बाजूला एक अट येते. गेम इंजिनाचं तयार भौतिकशास्त्र यानासाठी वापरू नका. गोडो बदलायची काहीच गरज नाही, तो मोफत आहे, मुक्त आहे आणि एवढ्या कामाला भरपूर पुरतो. पण त्याची तयार वस्तू पुढे काय करेल हे आधी चालवून बघणं अवघड असतं. स्वतःचं गणित दहा-पंधरा ओळींचं आहे. ते चित्र काढण्यापासून वेगळं ठेवा आणि ठरलेल्या अंतराने चालवा. गोडोचं भौतिकीचं फंक्शन मुळात सेकंदाला ६० वेळा चालतं, तेच धरा. नाहीतर १४४ हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनवर यान वेगळं वागेल आणि रेषा खोटी ठरेल.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने स्थान बदला. मी पहिल्या गेममध्ये उलटं केलं होतं. कक्षा प्रत्येक फेरीला थोडी थोडी मोठी होत गेली आणि मी दोन दिवस गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रात चूक शोधत राहिले. सूत्र बरोबर होतं, दोन ओळींची अदलाबदल झाली होती. जुन्या वेगाने स्थान हलवलं तर प्रत्येक पावलाला व्यवस्थेत थोडी फुकटची ऊर्जा शिरते. क्रम बदलला की कक्षा तासभर जागच्या जागी राहते.

सावलीकडे येते. ग्रहाच्या मागे गेलं की वीज बंद, हे ओघानेच आलं. तपासणी सोपी आहे: सूर्याकडून ग्रहाकडे जाणारी दिशा घ्या, यान त्या दिशेने ग्रहाच्या मागे आहे का बघा, आणि असेल तर त्या रेषेपासून त्याचं आडवं अंतर ग्रहाच्या त्रिज्येपेक्षा कमी आहे का बघा. कडेला एकदम अंधार करू नका, त्रिज्येच्या दहा-पंधरा टक्क्यांत हळूहळू उतरवा. आणि स्क्रीनवरची सावली याच गणिताने काढा. दिसणारी सावली आणि मोजली जाणारी सावली यांत चार पिक्सेलचा फरक असला तरी खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

पण एक गोष्ट आधी माहीत असू द्या. ८० पिक्सेल रुंदीची सावली यान दोन सेकंदांत ओलांडतं, आणि एवढ्यात बॅटरीला काही होत नाही. नुसती सावली असून उपयोग नाही, काम सावलीत ठेवायला हवं. सामान उतरवायची जागा ग्रहाच्या रात्रीच्या बाजूला ठेवा, ग्रहाबरोबर सरकणारी. तिथे थांबायचं तर वेग जुळवावा लागतो, म्हणजे इंजिन आणि अंधार एकत्र आले. आता बॅटरी भरून येण्याला अर्थ आला. ग्रहांना स्वतःचं गुरुत्वाकर्षण देऊ नका, निदान पहिल्या आवृत्तीत नको. रेषा वाचणं फार कठीण होतं.

अडकण्याचा तुमचा प्रश्न या मांडणीत बराचसा आपोआप सुटतो. बॅटरी संपली तरी नाक वळतं, कारण वळणं फुकट आहे. मग उपासमारीच्या वर्तुळाच्या आत असाल तर अंग उन्हाकडे वळवा, यान उठेल. वर्तुळाबाहेर संपली तर यान झोपतं: जिवंत राहण्याचा खर्चही बंद, स्क्रीन मंद, काळ आठपट वेगाने. आणि सूर्याची ओढ त्याला परत आणते. ४०० पासून १२०० पिक्सेलपर्यंत जाणाऱ्या लांबट कक्षेची एक फेरी ११३ सेकंदांची असते, अर्धी म्हणजे ५७. आठपट वेगाने सात-आठ सेकंदांत यान पुन्हा उन्हात. परत येणारच नाही असं फक्त एकाच वेळी होतं, वेग त्या जागेच्या मुक्तिवेगाइतका किंवा जास्त असेल तेव्हा, म्हणजे वर्तुळाकार कक्षेच्या वेगाच्या १.४१ पट. ते झोपण्याच्या क्षणीच तपासा आणि तसं असेल तर डाव संपल्याचं लगेच सांगा. माणसाला निरर्थक वाट बघायला लावू नका.

ही झोप खऱ्या मोहिमांतून आली आहे, आणि मला ती गेमची सर्वांत भावपूर्ण जागा वाटते. रोझेटा यान सूर्यापासून फार लांब गेलं तेव्हा वीज पुरेना, म्हणून जून २०११ पासून जानेवारी २०१४ पर्यंत ते झोपलेलं होतं. त्याने धूमकेतूवर सोडलेला फिलाय नोव्हेंबर २०१४ मध्ये उसळ्या खात सावलीत जाऊन पडला, सुमारे साठ तासांनी त्याची बॅटरी संपली, आणि धूमकेतू सूर्याजवळ सरकल्यावर जून २०१५ मध्ये त्याने पुन्हा साद दिली. चांद्रयान-३ चे विक्रम आणि प्रज्ञान सप्टेंबर २०२३ मध्ये चांद्र रात्र येण्याआधी झोपवले गेले, सकाळ झाल्यावर त्यांना हाका मारल्या गेल्या, उत्तर आलं नाही. झोपलेलं यान प्रकाशात शिरतं आणि एकेक दिवा लागत जातो, ते दोन सेकंद घाईने उरकू नका. तिथे आवाज द्या.

इथवरचं थोडक्यात: घर्षण काढा, सूर्याला ओढ द्या, पॅनेल यानाला काटकोनात जोडा, पुढचा मार्ग उन्हाच्या रंगात दाखवा, काम अंधारात ठेवा, संपलेली बॅटरी म्हणजे झोप समजा.

‘भौतिकशास्त्र किती खरं’ याचं उत्तर यातच आलं आहे, पण टाकायचं काय तेही सांगते. मापं टाका. सूर्य ते पृथ्वी अंतर हजार पिक्सेल धरलं तर सूर्य नऊ पिक्सेलचा होतो आणि पृथ्वी पिक्सेलच्या दहाव्या भागाहूनही लहान. खरी अंतरं मीटरमध्ये साठवायचा मोहही टाळा. ३२ बिटांच्या दशांश संख्येत सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर दोन शेजारच्या संख्यांमध्ये सुमारे १६ किलोमीटरचं अंतर पडतं, यान उड्या मारायला लागेल. इंजिनाचा खरा जोरही टाका. डॉनच्या इंजिनाला शून्यावरून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला चार दिवस लागायचे. आयन इंजिनाला वीज असूनही बाहेर फेकायला झेनॉन वायू लागतो, डॉनने तो ४२५ किलो नेला होता. जाणकार खेळणारा याबद्दल विचारेल. तरीही दुसरा काटा ठेवू नका. दोन काटे आले की डोळे सूर्यावरून उठतात आणि कोपऱ्यात जातात.

बॅटरीच्या काट्यात किती उरलं याच्यापेक्षा आत्ता भरतेय की उतरतेय हे मोठं दाखवा. मी पॅनेललाच उजळवते आणि एक हलका सूर वर-खाली करते. नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबू नका, रंगांधळ्या माणसाला दोन्ही सारखे दिसू शकतात.

ग्रहांबद्दल: आठ नकोत. एक सूर्य, एक ग्रह, त्याच्या सावलीतली एक जागा आणि एक सामान, एवढंच घेऊन पहिले दोन आठवडे काढा. तो एक फेरा दहाव्यांदा करायला तुम्हाला स्वतःला आवडत असेल तर दुसरा ग्रह ९८० च्या वर्तुळाबाहेर ठेवा. आवडत नसेल तर बॅटरीची एककं, प्रदक्षिणेचे सेकंद आणि इंजिनाचा जोर, या तिघांशीच खेळा, एका वेळी एकच बदलून.

दाखवताना तोंडाने काही सांगू नका, मागे उभं राहून बोटांकडे बघा. इंजिनाचं बटण सोडून वळायच्या बटणांवर बोटं किती वेळ आहेत ते मोजा. बोटं दोन्हींवरून उठून खेळणारा नुसता बघत बसला, तर त्या क्षणी यान कुठे होतं ते टिपून ठेवा. दुरुस्ती तिथेच लागते. माझ्या गेममध्ये ती जागा जवळजवळ नेहमी ७०० ते ९०० पिक्सेलच्या पट्ट्यात निघाली, जिथे वीज येते पण कंटाळवाण्या संथपणे. तिथे मी शेवटी एक आरसा ठेवला, कक्षेत फिरणारा, जो एका अरुंद पट्ट्यात चौपट ऊन फेकतो. त्या पट्ट्यात यान सांभाळून ठेवायला लोकांची बोटं पुन्हा हलू लागली.